डिप्लोमा सिव्हिल, चार वर्षं ऑफिसचा अनुभव. पाटीवर ‘आर्किटेक्ट’ लिहू का?

तासगावचा_नकाशावाला:

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी तासगाव तालुक्यातला, वय २४. घरी दोन एकर द्राक्षबाग. दहावीनंतर मिरजेला डिप्लोमा सिव्हिल केला, २०२१ ला बाहेर पडलो आणि तेव्हापासून सांगलीत विश्रामबागला एका इंजिनिअर साहेबांच्या ऑफिसात आहे. सुरुवातीला साहेब कागदावर कच्चं काढून द्यायचे आणि मी ते ऑटोकॅडला चढवायचो. गेली दोन वर्षं पार्टी येऊन बसली की साहेब मलाच बोलावतात. तीस बाय चाळीसचा प्लॉट असू दे नाहीतर गुंठ्याचा, पूर्वेला दार, आग्नेयेला स्वयंपाकघर, खाली पार्किंग, वर भाड्याची एक खोली, सगळं मीच बसवतो. लोक मला फोनवर ‘आर्किटेक्ट साहेब’ म्हणतात. सही अर्थात साहेबांची.

आता साहेब दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला जाणार. ‘ऑफिस तू चालव’ म्हणाले. चुलतभावाचं तासगावात फ्लेक्सचं दुकान आहे, त्यानं पाटीचं डिझाइन करूनसुद्धा ठेवलंय. माझ्या नावाखाली मोठ्या अक्षरात ‘आर्किटेक्ट, इंजिनिअर, इंटिरियर डिझायनर’. छापू का म्हणून रोज फोन करतोय.

अडकलो ते एका पार्टीमुळं. एक गुरुजी आले होते, घराच्या कर्जासाठी बँकेला एस्टिमेट द्यायचं होतं. सहज विचारलं, “तुमचा रजिस्ट्रेशन नंबर काय घालू?” मला उत्तरच देता आलं नाही. साहेबांचा नंबर दिला, पण ती गोष्ट मनातून जात नाही.

तर विचारायचं असं, की डिप्लोमावर ‘आर्किटेक्ट’ लिहिता येतं का? नसेल तर बी.आर्क.ला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो का, जसा इंजिनिअरिंगला मिळतो? आणि २४ व्या वर्षी पाच वर्षं शिकायला बसणं शहाणपणाचं आहे का? काम तर मला येतंच.

---

जोतं_आणि_ओटा:

भावा, पाटी अजून छापली नाहीस ते फार बरं झालं. चुलतभावाला आजच फोन कर आणि पहिला शब्द काढायला सांग.

मी साताऱ्याची. माझी वाट तुझ्यासारखीच होती. आधी कराडला डिप्लोमा सिव्हिल, मग दोन वर्षं साताऱ्यात एका ऑफिसात ड्राफ्टिंग, मग २०११ ला बी.आर्क.ला प्रवेश, २०१६ ला नोंदणी. त्यामुळं तू ज्या खुर्चीत बसलायस ती मला ओळखीची आहे, आणि तुझं शेवटचं वाक्य, ‘काम तर मला येतंच’, तेही. त्यावर नंतर येते.

आधी कायदा. आपल्याकडे १९७२ चा वास्तुविशारद कायदा आहे. त्याखाली दिल्लीला वास्तुकला परिषद आहे, जिला सगळे ‘सीओए’ म्हणतात. या परिषदेकडे ज्याची नोंद आहे त्यानंच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवायचं, हे त्या कायद्याच्या ३७ व्या कलमात आहे. नोंदणीचा क्रमांक ‘सीए’, मग वर्ष, मग आकडा असा असतो. गुरुजींनी विचारला तो हाच.

लोक इथं एक गल्लत करतात. १७ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. खटला नोएडा प्राधिकरणातल्या पदांच्या नावांवरून सुरू झाला होता. न्यायालय म्हणालं, ३७ वं कलम नाव लावण्याला बंदी करतं, नकाशा काढण्याच्या कामाला नाही. म्हणजे तू गेली चार वर्षं केलंस ते काम बेकायदा नाही. तो एक शब्द लावणं बेकायदा आहे. काहीजण ‘आर्किटेक्चरल कन्सल्टंट’ अशी वाट काढतात. मला विचारशील तर तेही नको. समोरचा माणूस आयुष्यभराची पुंजी घेऊन आलेला असतो, त्याला शब्दांतला फरक कळत नाही, आणि कळू नये म्हणूनच तो शब्द तसा लिहिलेला असतो.

थेट दुसरं वर्ष मिळत नाही. इंजिनिअरिंगला डिप्लोमावाल्यांना मिळतं, बी.आर्क.ला परिषद कुठल्याच पात्रतेवर मधल्या वर्षात प्रवेश देत नाही. पहिल्या वर्षापासूनच बसायचं. पत्रव्यवहारानं किंवा नोकरी सांभाळून शनिवार-रविवारचं असंही काही नसतं, पूर्णवेळ पाच वर्षं. पण दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या डिप्लोमावर, त्यात गणित असेल तर, पहिल्या वर्षाला बसता येतं. बारावी परत करायची गरज नाही. मीही तशीच बसले.

आता ‘काम येतं’ याबद्दल.

ऑफिसात मला दुसरं वर्ष होतं. कोरेगाव रस्त्याला एका कुटुंबाचा बंगला होता. मजल्याची उंची साडेदहा फूट, म्हणजे १२६ इंच. सात इंचाची पायरी धरली की १८ चढ. जिना मी जुन्या एका ड्रॉइंगमधून उचलला. त्यात वळणाआधी १३ चढ होते आणि वळणानंतर ५. मला ते लंगडं वाटलं. मी ९ आणि ९ केले. जिना आखूड झाला, स्वयंपाकघराला तीन फूट जास्त मिळाले, प्लॅन देखणा दिसायला लागला. साहेबांना दाखवला, ते घाईत होते, बरं म्हणाले.

लँडिंगखालून, म्हणजे जिन्याच्या वळणावरच्या सपाट भागाखालून, परसात जायचं दार होतं. जुन्या ड्रॉइंगमध्येही होतं, आणि तो जिना ‘लंगडा’ होता तो त्या दारासाठीच. १३ चढ म्हणजे ९१ इंच, त्यातून पाच इंचाची स्लॅब गेली तरी सात फुटांच्या वर जागा उरते. माझे ९ चढ म्हणजे ६३ इंच. स्लॅब वजा केली की चार फूट दहा इंच.

साइटवर भिंती वर आलेल्या, जिन्याचं सेंट्रिंग ठोकलेलं, सळई बांधून झालेली. मिस्त्री खाली उभे राहिले, टेप वर लावली, दोनदा वाचली आणि मला म्हणाले, “ताई, आजी परसात वाकून जाणार काय?” त्या घरात ऐंशीच्या पुढच्या आजी होत्या. रोज सकाळी तुळशीला पाणी घालायला त्या त्याच दारानं जाणार होत्या.

साहेब ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, “सेक्शन काढला होतास?” सेक्शन म्हणजे घर उभं कापलं तर आत कसं दिसेल तो नकाशा. नव्हता काढला. मला सेक्शन ‘काढता’ येत होता, नगरपालिकेच्या शीटवर एक सेक्शन लागतो म्हणून मी शेकड्यांनी काढले होते. पण तो प्रश्न विचारायचं हत्यार आहे, हे मला माहीतच नव्हतं. शेवटी दार स्वयंपाकघराच्या भिंतीतून काढलं, त्यासाठी ओटा कापला. ते तीन फूट असे गेले. त्या घरी मी नंतर दोनदा गेले. त्या तुटक्या ओट्यावर भाकरी थापताना काकूंचा कोपर भिंतीला लागतो, मी बघितलंय.

बी.आर्क.ला जायचं मी त्या आठवड्यात ठरवलं.

आता पुढचं नीट ऐक, कारण पाच वर्षांत काय मिळतं हे लोक नीट सांगत नाहीत. सॉफ्टवेअर मिळतं, मॉडेल करायला मिळतं, हे खरं आहे, पण ते तुला बाहेरही मिळेल. तिथं मिळते ती ज्युरी. प्रत्येक प्रोजेक्टला तुझी शीटं भिंतीवर लागतात आणि दोन-तीन माणसं समोर बसून ‘का’ विचारतात.

तिसऱ्या वर्षाला मी सांगलीत कृष्णेच्या घाटाजवळ वाचनालय केलं होतं. शीटं सुबक होती. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी एकच विचारलं, “२००५ चं पाणी इथं कुठवर होतं?” मी साताऱ्याची, मला काय माहीत. त्या म्हणाल्या, “उद्या जाऊन विचारून या, मग बोलू.” दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. एका भांड्यांच्या दुकानातले काका काउंटरमागून बाहेर आले, शटरच्या बाजूला उभे राहिले, हात पूर्ण वर केला, चवडे उचलले, आणि तरी म्हणाले, “ह्याच्याही वर.” मी त्यांच्या बोटांच्या वर पेन्सिलनं रेघ मारली आणि जमिनीपासून मोजली. परत येऊन अख्खं वाचनालय बदललं. पुस्तकं वर नेली, खाली चारी बाजूंनी मोकळा ओटा ठेवला, लोकांनी वर्तमानपत्र वाचावं आणि पावसाळ्यात पाण्यानं यावं-जावं. खाली विजेचं एक बटणसुद्धा नाही. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. त्या रात्री बातम्या बघताना मला सारखे त्या काकांचे उचललेले चवडे दिसत होते.

ऑफिसात हे कोण विचारणार? पार्टीला नकाशा शुक्रवारी हवा असतो. साहेबांना तो पास करून हवा असतो. ‘का’ विचारायला कुणाला वेळ नाही आणि त्यात त्यांचा दोषही नाही.

आणखी एक. माझी वर्गमैत्रीण अमेरिकेत गेली. तिथं पदवीवर भागत नाही. ३,७४० तासांचा अनुभव नोंदवून दाखवावा लागतो, सहा भागांची परीक्षा द्यावी लागते, मग परवाना. आपल्याकडे पदवीनंतर परीक्षा नाही. मान्यताप्राप्त बी.आर्क. झालं, वय २१ पूर्ण असलं, की परिषदेकडे अर्ज करायचा, कागदपत्रं नीट असली की नंबर येतो. म्हणजे आपल्याकडे दरवाजा एकच, आणि तो म्हणजे ही पाच वर्षं. त्यानंतर तुला कुणीही काही विचारणार नाही. म्हणून ती पाच वर्षं शीटं कॉपी करून काढलीस तर तू तुझ्याच ऑफिसात परत येशील, फक्त नंबर घेऊन. तसेही आर्किटेक्ट आहेत, लपवत नाही.

नंबर आला की बंधनं पण येतात. १९८९ चे व्यावसायिक आचाराचे नियम आहेत. ठेकेदाराकडून, दुकानदाराकडून कमिशन घ्यायचं नाही हे त्यात लिहिलेलं आहे. मी ऑफिस टाकलं त्या महिन्यात टाइल्सवाल्यानं एक पाकीट टेबलावर ठेवलं होतं. परत देताना त्याला राग आला, त्यानं दोन वर्षं माझ्याकडे गिऱ्हाईक पाठवलं नाही. हे सोपं जात नाही, पण पार्टीला सांगताना, ‘ही फरशी घ्या’ म्हणताना, माझा आवाज अडखळत नाही.

तू जा असं माझं मत आहे. तू गुरुजींपुढं गप्प बसलास. एखादा दुसरा असता तर ठोकून दिलं असतं.

---

मिरजेचा_ओळंबा:

ताईंनी चांगलं लिहिलंय. मी परवानाधारक इंजिनिअर, तीस वर्षं सांगली-मिरज-कुपवाडमध्ये काम करतोय. बाळा, तुला कामधंद्याच्या बाजूनं चार गोष्टी सांगतो.

तुझ्या साहेबांची सही म्हणजे काय ते समजून घे. डिसेंबर २०२० पासून राज्यात बांधकामाची एकत्रित नियमावली आहे. त्यात कोण कुठलं काम करू शकतो ते परिशिष्टात दिलंय. आर्किटेक्ट, इंजिनिअर, स्ट्रक्चरल इंजिनिअर, सुपरवायझर, असे वेगवेगळे. डिप्लोमा सिव्हिल आणि आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या हाताखालचा अनुभव यावर तुला सुपरवायझरचा परवाना मिळू शकतो. त्यावर ठराविक प्लॉटपर्यंत आणि ठराविक मजल्यांपर्यंत नकाशे सादर करता येतात. तेवढ्यात गावाकडची बहुतेक घरं बसतात. नगररचना विभागात जा, परिशिष्ट मागून स्वतः वाच, एजंटाला पैसे देऊ नकोस. पाटीवर ‘डिप्लोमा सिव्हिल, परवानाधारक सुपरवायझर’ असं लिही. यात कमीपणा कसला? माझ्या पाटीवर तीस वर्षं ‘इंजिनिअर’च आहे आणि घास गोड लागतोय.

दुसरं जास्त महत्त्वाचं. साहेब पुण्याला गेले आणि नकाशे ऑनलाइन सादर करायचं त्यांचं लॉगिन, पासवर्ड, ओटीपी तुझ्याकडे राहिलं, तर ते वापरू नकोस. ते प्रेमानं देतील. तू पण प्रेमानं नको म्हण. उद्या सज्जा पडला, कुणी जखमी झालं, तर साहेब पुण्याहून सांगणार की मी साइट बघितली नाही, आणि तू सांगणार की सही माझी नाही. मग त्या घराला वाली कोण? मी एका प्रकरणात कोर्टात साक्षीला उभा राहिलोय, नावं सांगत नाही, पण असंच झालं होतं.

तिसरं, सळई आणि कॉलमचा हिशेब स्ट्रक्चरलवाल्याकडूनच घे. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माझे वडील पाटणला नोकरीला होते. दगडमातीच्या भिंती कशा बाहेर फेकल्या गेल्या ते त्यांनी इतक्यांदा सांगितलंय की मला स्वतः बघितल्यासारखं वाटतं. पार्किंगला गाडी वळत नाही म्हणून कॉलम सरकवणारी पोरं बघितली की माझ्या पोटात गोळा येतो.

आणि नदीकाठचं काम आलं तर निळी रेषा आणि लाल रेषा आधी बघ. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. गिऱ्हाईक म्हणेल, शेजाऱ्यानं बांधलंय. शेजाऱ्यानं बांधलंय म्हणून पाणी थांबत नाही.

बी.आर्क.चं म्हणशील तर घरची परिस्थिती बघून ठरव. दोन एकर बाग, एक अवकाळी पाऊस, आणि सगळं हिशेबाबाहेर जातं. पाच वर्षं कमाई बंद करणं सगळ्यांना जमत नाही. न जाणाऱ्याला कुणी कमी समजू नये, एवढंच ताईंना सांगणं.

---

जोतं_आणि_ओटा:

काका, अगदी मान्य. लॉगिनचं मी विसरलेच होते, ते तुम्ही लिहिलंत हे फार चांगलं झालं.

---

माउंटबोर्ड:

दादा, मी सांगलीत बी.आर्क. तिसऱ्या वर्षाला आहे. परीक्षा आणि पैशांचं मी सांगते, ताजं आहे.

‘नाटा’ नावाची परीक्षा असते, परिषदच घेते, वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा देता येते. २०० गुणांची. त्यातला ८० गुणांचा भाग चित्रांचा, कागदावर, दीड तास. रंगसंगतीची रचना २५, काळ्या-पांढऱ्यातलं रेखाटन २५, आणि ३० गुणांना हातानं त्रिमितीय रचना करायची, त्याचं साहित्य तिथंच देतात. उरलेले १२० गुण संगणकावर, आकृत्या, तर्क, थोडं गणित, थोडं इमारतींबद्दलचं सामान्य ज्ञान. दुसरा मार्ग जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर. नागपूरच्या व्हीएनआयटीसारख्या संस्थांना तोच लागतो. राज्यातल्या कॉलेजांना दोन्हीपैकी कुठलाही चालतो. मग सीईटी कक्षाची कॅप फेरी, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रिया. त्यात निम्मं वजन नाटाचं आणि निम्मं बारावीचं, तुझ्या बाबतीत डिप्लोमाचं. पात्रतेची टक्केवारी मधल्या काळात बदललीय, म्हणून जुन्या व्हिडिओंवर जाऊ नको, त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाच.

फीचं. कॅपमधूनच प्रवेश घे, व्यवस्थापन कोट्यातून नको, कारण शिष्यवृत्ती कॅपवाल्यांनाच मिळते. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज योजनेत शिक्षण शुल्क निम्मं माफ होतं. मुलींसाठी २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटांत ते पूर्ण माफ आहे. माझी धाकटी बहीण त्यामुळंच यंदा आली, नाहीतर आमच्या घरी एकीचंच होणार होतं. गावाबाहेर राहायला लागलं तर पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता पण आहे. उत्पन्नाचा दाखला आत्ताच तहसीलमधून काढून ठेव. जून-जुलैत तिथं उभं राहायला जागा नसते.

माफ होत नाही तो खर्च दुसराच असतो. प्रिंट, चित्रांचा कार्ट्रिज कागद, मॉडेलचा जाड माउंटबोर्ड, कटरची पाती, गोंद. मला एका सत्राला आठ-नऊ हजार लागले. मी आता सीनियरांची जुनी मॉडेलं मागून आणते आणि खालचा बोर्ड उलटा करून वापरते, अर्धे पैसे वाचतात.

आमच्या वर्गात तुझ्यासारखा एक डिप्लोमावाला दादा आहे. ड्राफ्टिंगला सगळ्यांत पुढं, बांधकामाच्या तासाला सर त्यालाच फळ्याकडं बोलावतात. पण पहिल्या डिझाइनला तो रडला. खरंच रडला. त्यानं आधी दहा बाय दहाची कॉलमची जाळी आखली आणि मग त्यात खोल्या भरल्या. सर म्हणाले, माणूस आत कुठून येतो, त्याला पहिल्यांदा काय दिसतं? त्याला ते सुचतच नव्हतं. दुसऱ्या वर्षापर्यंत हात मोकळा झाला. आता साइट बघायला जातो तेव्हा तो गवंड्यांशी जे बोलतो ते आम्हाला कुणालाच जमत नाही. एक सत्र नोंदणीकृत आर्किटेक्टच्या ऑफिसात प्रशिक्षण असतं, त्याला आत्ताच दोन ऑफिसांनी ये म्हणून सांगितलंय.

वयाचं मनात आणू नको. दोन आठवडे सगळे दादा म्हणतात, मग सबमिशनच्या रात्री सगळे सारखेच जागे असतात.

---

तासगावचा_नकाशावाला:

ताई, काका, माउंटबोर्ड, सगळ्यांचे मनापासून आभार. तीनदा वाचलं.

फ्लेक्सचं थांबवलं. भाऊ थोडा नाराज झाला, म्हणाला तासगावात कोण बघायला येतंय. मी त्याला गुरुजींचं सांगितलं. गुरुजींना पण फोन करून सांगितलं की मी आर्किटेक्ट नाही, नंबर साहेबांचा आहे आणि तो इंजिनिअरचा आहे. ते म्हणाले, “बरं झालं सांगितलंस, मी तसंच लिहितो.” एवढंच. मला वाटलं होतं काम जाईल.

वडिलांशी बोललो. ते म्हणाले बाग मी बघतो, तू तुझं बघ. सुपरवायझरचा परवाना काढायचा, उन्हाळ्यात नाटा द्यायची, आणि सुट्टीत छोटी कामं करायची असं मनात आहे. साहेबांना लॉगिन बदलायला सांगितलं.

एकच भीती आहे. मला हातानं चित्र अजिबात येत नाही. चार वर्षं फक्त माउस धरलाय. पेन्सिल धरली की रेघ थरथरते.

---

जोतं_आणि_ओटा:

गुरुजींना फोन केलास हे वाचून फार बरं वाटलं.

रेघ सगळ्यांची थरथरते. क्लास लावायचा तर लाव, पण त्याआधी एक कर. तुमच्याकडे बेदाण्याची शेड आहे का? नसेल तर शेजारी असेल, तासगावात काय कमी. आता हंगाम नाही, शेड रिकामी असेल, मोजायला सोपी. एक वही घे, बिनरेघांची, आणि रोज तीच एक शेड काढ. पट्टी नाही, खोडरबर नाही. पहिल्या दिवशी लांबून सगळी. दुसऱ्या दिवशी नुसता एक खांब आणि त्याला जाळी कशी बांधलीय ती गाठ. तिसऱ्या दिवशी आत बसून, वरून येणारा उजेड. पंधरा दिवस. हात आपोआप सैल होतो, कारण तू ‘चित्र’ काढत नसतोस, बघत असतोस.

आणि सेक्शन काढ. टेप घेऊन खरा मोज. जाळीचे थर किती, दोन थरांत अंतर किती, वरचा थर भरताना माणूस कशावर चढतो, छप्पर दोन्ही अंगांना किती पुढं आलंय. मग वडिलांना विचार, शेडची लांब बाजू ह्या दिशेलाच का, बाजू उघड्या का, थरांत एवढंच अंतर का, हातभर का नाही. ते जी उत्तरं देतील ती सेक्शनच्या बाजूला त्यांच्याच शब्दांत लिही.

ही वही जपून ठेव. पहिल्या वर्षाला मोजणी करून रेखाटनं काढायला आम्हाला वाईला एका वाड्यात नेलं होतं, दोन दिवस आम्ही खण मोजत होतो आणि तुळईखाली मान वाकडी करून बसलो होतो. तेव्हा पहिल्यांदा कळलं की सोप्याची उंची माजघरापेक्षा वेगळी का असते. तुझ्याकडे तसला वाडा घरामागंच उभा आहे.

---

तासगावचा_नकाशावाला:

ताई, काल संध्याकाळी मोजली. आमचीच शेड आहे. टेपचं दुसरं टोक वडिलांनी धरलं.

मी थरांतलं अंतर १२ इंच धरून आधीच घरी बसून सेक्शन काढला होता, अंदाजानं. प्रत्यक्षात सगळीकडे सारखं नाहीच. वडील म्हणाले, खालचा थर जमिनीपासून जास्त उचललाय, कारण धूळ उडते आणि खालून वारं फिरायला पाहिजे. मधे भिंत का नाही विचारलं तर म्हणाले, वारं एका अंगानं शिरून दुसऱ्या अंगानं निघालं पाहिजे, अडलं की माल काळा पडतो. चोवीस वर्षं त्या शेडखाली खेळलोय, हे कधी विचारलं नव्हतं.

पहिला सेक्शन फाडला नाही, वहीतच ठेवलाय. दुसरा आज रात्री काढतो.